चित्र वाचता आले पाहिजे

मुलगा चित्र काढत बसला की घरातली मोठी माणसे म्हणतात, रेघोट्या मारून पोट भरणार आहे का? आम्ही हिशेबाच्या वह्यांत रमणारे कारकून, चित्रकलेचे शिक्षण आम्हाला नाही. परंतु वस्तीतली मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसू लागली, त्यांची पुस्तके चाळली, तेव्हा कळले की चित्रालाही व्याकरण असते. ते आईबापांना ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच.

रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश ही त्याची मुळाक्षरे. त्यांची मांडणी करताना तोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद पाहावा लागतो. नुसती नावे पाठ करून भागत नाही. त्यापेक्षा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणि बघावा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटकांच्या काळातले हे चित्र.

आपली माणसे तिथे जातात, हात जोडतात आणि पुढे सरकतात. हात जरूर जोडावेत, पण जरा थांबून ती भुवई बघावी. एका दमात ओढल्यासारखी रेषा, खाली झुकलेल्या पापण्या. करुणा समजावायला आम्हाला तासभर भाषण लागते! मान एकीकडे, खांदे दुसरीकडे, कंबर तिसरीकडे, या त्रिभंगाने स्थिर देहात लय आली आहे. भिंत सपाट आहे, तरी नाकाच्या दांड्यावर उजळ आणि कडेला गडद छटा दिल्यामुळे चेहरा पुढे आल्यासारखा दिसतो. रंग म्हणाल तर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो परदेशातून यायचा. आणि भोवतालच्या माणसांपेक्षा बोधिसत्त्व कितीतरी मोठा. चित्रकाराला माप कळत नव्हते असे नव्हे, मुख्य कोण ते त्याला सांगायचे होते.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनला आगीत जळाल्या. मूळ चित्रे मात्र इथेच, आपल्या दाराशी आहेत.

आता १४ एप्रिलचा एखादा फलक आठवा. बाबासाहेबांच्या भोवती वीस-पंचवीस चेहरे, सगळे जवळजवळ एकाच मापाचे, वर शुभेच्छुकांची यादी. नजर ठरावी कुठे? वर्गणी दिली की चेहरा, असा हिशेब झाला की प्रमाण संपले. मोकळी जागा सोडली तर पैसे फुकट गेले असे मंडळांना वाटते. खरे तर त्या मोकळ्या अवकाशामुळेच मुख्य चेहरा उठून दिसतो. वस्तीत इंटरमिजिएट झालेली मुलगी असेल तर यंदा फलकाची मांडणी तिला विचारून करावी, अशी आमची मंडळांना सूचना आहे.

घरी सराव करायला महागडे रंग नकोत. पाठकोरा कागद, एक पेन्सिल आणि घासलेला लोटा पुरे. लोटा खिडकीशी ठेवावा, उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा. मधोमध उभी रेघ मारून दोन्ही बाजू सारख्या येतात का पाहावे, मग सावली भरावी. वस्तुचित्राच्या पेपराची ही निम्मी तयारी झाली.

अजिंठ्याला सहल नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, लेणी सोमवारी बंद असतात. फ्लॅशने रंगांना इजा होते, तो मारू नये. पहिल्या लेण्यात आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे गप्प उभे राहावे.