संगणकातली बाई आधीच बोललेली असते

डॉक्टरची परीक्षा संगणकावर घेता येते का? अमेरिकेत ती १९९९ पासून घेतली जाते. तिथे परवान्यासाठी ‘यूएसएमएलई’ ही तीन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते. मुंबई-पुण्याहून गेलेल्या आपल्या मुलीही ती देतात. तिसऱ्या टप्प्यात पडद्यावर कल्पित रुग्ण येतो. परीक्षार्थीने त्याला तपासायचं, चाचण्या आणि औषधं टाइप करायची, पडद्यावरचं घड्याळ पुढे न्यायचं. उपचार बरोबर असतील तर रुग्ण सावरतो, उशीर झाला तर खालावतो. काय केलं, केव्हा केलं, धोक्याचं काय केलं, सगळ्याची नोंद राहते.

यात हसण्यासारखं काही नाही. चार पर्यायांतून एकावर खूण करण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी खरी. शिवाय शिकाऊ हातांखाली आजवर कोणाची शरीरं आली, हे काय आपल्याला ठाऊक नाही? सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाला आलेल्या गरीब बायकांची. पडद्यावरच्या बाईला निदान दुखत तरी नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या परीक्षेत रुग्णाची हकिगत तयारच मिळते. पडद्यावर मजकूर येतो, तो वाचायचा आणि कामाला लागायचं. आमच्याकडे येणारी बाई सांगते, ‘मोरीत पाय घसरला.’ शेजारी नवरा उभा असतो, बहुतेक उत्तरं तोच देतो. त्याला बाहेर पाठवून, दार लोटून, ‘घरी कोणी मारतं का?’ असं विचारणं हे इथे निदानच आहे. पण जिथे प्रश्न विचारायचाच नाही, तिथे न विचारणाऱ्याचे गुण कापणार कसे? समुपदेशनसुद्धा तिथे टाइप करायची एक सूचना! ज्या कामाला आम्हाला चार-चार भेटी पुरत नाहीत, ते एका ओळीत उरकतं.

रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांशी प्रत्यक्ष बोलण्याची परीक्षा याच साखळीत २००४ पासून होती. कोविडमुळे २०२० मध्ये ती थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. ती खर्चिक होती, देशभरात पाचच शहरांत होत असे, परदेशी डॉक्टरांना जाचकही होती. हे सगळं मान्य. पण तिच्याबरोबर समोरासमोर बोलणंही या परीक्षेतून गेलं.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक्झिट परीक्षेची तरतूद आहे. उद्या इथेही पडद्यावरचे रुग्ण आले, तर त्यांच्या हकिगती कोण लिहिणार, हे आजच विचारलं पाहिजे. बलात्कारित स्त्रीची ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. पडद्याआड डॉक्टर काय करतो हे कोणाला दिसत नाही, संगणकाला दिसेल. ती चाचणी टाइप करणाऱ्याला तिथेच नापास करा. आणि हकिगतीचा अर्धा भाग झाकलेला ठेवा. नवऱ्याला बाहेर पाठवून प्रश्न विचारल्याशिवाय तो उघडूच नये. यंत्राला एवढं सहज जमतं.

‘सेहत’ आणि मुंबई महापालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राच्या कामातून, हिंसा सोसणारी बाई ओळखायला डॉक्टर-परिचारिकांना शिकवण्याचा मोठा अनुभव जमला आहे. अशा केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना हकिगती लिहिण्याच्या बैठकीला बोलवा. परीक्षा ठरून गेल्यावर नको, आधी.