ध्वनिवर्धकाची निवड आणि घरांतील शांतता

वीणेचा भोपळा काढून घेतला तर मागें काय उरतें? एक दांडी, कांहीं पडदे आणि तारा. तारा छेडल्या तर त्या पूर्वीप्रमाणेंच कंप पावतील, स्वरही तोच राहील. परंतु तो वाजविणाराच्या कानापलीकडे फारसा जाणार नाहीं. आपल्या पूर्वजांनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग पाडले. त्यांपैकीं तत वर्गाचें निम्में मर्म या भोपळ्यांत आहे. तार स्वर उत्पन्न करते, भोपळा त्यास देह देतो. म्हणूनच मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर तारेइतकीच भोपळ्याचीही पारख करतात.

हें सांगण्याचें कारण असें कीं, संगमनेर तालुक्यांतील एका वृद्ध वाचकांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. घर जुनें, भिंतीस भिंत लागलेली, आणि कुटुंब अकरा माणसांचें. नातू महाविद्यालयांत शिकतो व विजेची गिटार वाजवितो. शिष्यवृत्तीचे पैसे सांठवून त्यास शंभर वॅटांचा, व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घ्यावयाचा आहे. आजोबा विचारतात, “आमच्या लहानपणच्या रेडिओंतले व्हॉल्व्ह केव्हांच मोडींत निघाले, तेच आज साध्या यंत्राच्या कितीतरी पट किंमत देऊन घेणें ही दुकानदाराची लबाडी तर नव्हे? आणि असलें यंत्र एकत्र कुटुंबांत असावें कीं नसावें? नातू म्हणतो, येथें वाजवूं देणार नसाल तर मी पुण्यास मित्राच्या खोलीवर राहावयास जातों.” प्रश्न वरवर एका यंत्राचा दिसतो, पण शेवटचें वाक्य वाचल्यावर त्याचें गांभीर्य कोणाच्याही ध्यानांत येईल.

प्रथम पहिला प्रश्न घेऊं. साध्या गिटारीस लांकडाचें पोकळ पोट असतें. १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेल्या विजेच्या गिटारीस बहुधा तें नसतें. तिचें अंग भरीव असतें. पोलादी तारांखालीं लोहचुंबकावर गुंडाळलेलीं तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं असतात. तार हलली कीं वेटोळ्यांत अतिशय दुर्बळ असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्यास मोठें करून कर्ण्यावाटे बाहेर काढणारें यंत्र तोच ध्वनिवर्धक. अर्थात् विजेच्या गिटारीचा भोपळा तिच्या अंगांत नाहीं, तो दोरीएवढ्या तारेनें जोडलेल्या त्या पेटींत आहे. ज्यानें गिटार घेतली व ध्वनिवर्धक घेतला नाहीं, त्यानें अर्धेंच वाद्य घेतलें. नातवाचा हट्ट चैनीचा आहे असें म्हणण्यापूर्वीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

आतां व्हॉल्व्ह कां? व्हॉल्व्ह म्हणजे कांचेची निर्वात कुपी. तिच्यांत एक तापविलेला भाग असतो. त्यांतून निघणारे विद्युत्कण समोरच्या पत्र्याकडे धांवतात, आणि दोहोंच्या मध्यें एक बारीक जाळी असते. फ्लेमिंग यानें १९०४ सालीं जाळीवांचूनची नळी केली. ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं तींत तिसरा भाग घातला आणि वर्धनाचा मार्ग मोकळा झाला. आपल्या वाचकांस प्रवरेच्या कालव्याचा दाखला पुरेसा आहे. कालव्याचें दार एक माणूस हातानें थोडेंसें वरखालीं करतो आणि त्या लहानशा हालचालीनें पाण्याचा केवढा तरी लोट कमीअधिक होतो. दार म्हणजे जाळी, माणसाचा हात म्हणजे गिटारीचा दुर्बळ संदेश, आणि लोट म्हणजे कर्ण्याकडे जाणारा प्रवाह. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तोही हेंच काम करतो, आणि तें थंडपणें, अल्प जागेंत व अल्प खर्चांत करतो. म्हणून रेडिओंतून व्हॉल्व्ह गेले.

गिटारींतून मात्र ते गेले नाहींत, आणि याचें कारण आपल्या तंबोऱ्यांत सांपडतें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोऱ्याचा तुकडा सरकवून आपण जवारी लावतों. तार घोडीच्या पृष्ठभागास किंचित् घांसत राहते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर खुलतात. षड्जाच्या तारेंतून गांधार ऐकूं येतो तो याचमुळें. केवळ भौतिकशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर जवारी हा तारेच्या शुद्ध कंपांतील बिघाड होय. पण त्या बिघाडावांचून तंबोरा मुका वाटतो. व्हॉल्व्हास त्याच्या कुवतीहून थोडा अधिक संदेश दिला म्हणजे तो ध्वनिलहरीचीं शिखरें हळुवारपणें दाबतो, आणि त्यामुळें दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येचे उपस्वर उमटतात. साधा ट्रान्झिस्टरचा संच तींच शिखरें बहुधा एकाएकीं कापतो. तो आवाज कानास बोचतो. शिवाय वाजविणारानें बोट हलकें ठेवलें कीं व्हॉल्व्हचा स्वर स्वच्छ होतो, जोर दिला कीं खरखरीत व भरदार होतो. यास वादक स्पर्शाची जाण म्हणतात. तेव्हां दुकानदाराची लबाडी नव्हे. व्हॉल्व्ह ही विजेच्या गिटारीची जवारी आहे.

येथपर्यंत नातवाची बाजू झाली. आतां शंभर वॅटांचें पाहूं. आणि त्याची कथा ऐकण्यास आपणांस विलायतेपासून आपल्याच जिल्ह्यांत यावें लागतें. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथें जिम मार्शल नांवाचा वाद्यांचा दुकानदार होता. त्यानें १९६२ सालीं अमेरिकन फेंडर कंपनीच्या बासमन या यंत्राच्या धर्तीवर आपला पहिला ध्वनिवर्धक करविला. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या वाद्यवृंदांतील पीट टाउनशेंड व जॉन एंटविसल यांनीं आणखी मोठा आवाज मागितला, आणि त्या मागणींतून शंभर वॅटांचें यंत्र व त्याखालीं कर्ण्यांच्या उंच पेट्यांची उतरंड जन्मास आली. याच वृंदाच्या ३१ मे १९७६ च्या लंडनमधील कार्यक्रमांत ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला व त्याची जागतिक उच्चांक म्हणून नोंद झाली.

हाच टाउनशेंड १९६७ पासून मेहेरबाबांचा अनुयायी झाला. १९७१ सालच्या त्याच्या एका प्रसिद्ध गीताच्या नांवांत बाबांचें नांव आहे. १९७२ सालीं तो नगर–दौंड रस्त्यावरील अरणगांवाजवळच्या मेहेराबाद येथें बाबांच्या समाधीस येऊन गेला. मेहेरबाबांनीं १० जुलै १९२५ रोजीं मौन धरलें तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडलें नाहीं. प्रथम अक्षरफलकावर बोट ठेवून व १९५४ पासून केवळ हस्तसंकेतांनीं ते आपलें म्हणणें सांगत. दरवर्षीं ३१ जानेवारीस तेथें जमलेला मोठा समुदाय भर दुपारीं कांहीं मिनिटें स्तब्ध बसतो. ज्याच्या मागणीनें गिटारीचा आवाज शंभर वॅटांपर्यंत चढला, त्याचें मन ज्या ठिकाणीं ओढलें गेलें तेथें आवाजच नव्हता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें नादाचे आहत व अनाहत असे दोन भेद मानले आहेत. जिज्ञासूंनीं त्याचा विचार करावा. आम्हांस येथें पुढची गोष्ट सांगावयाची आहे. टाउनशेंड यानें आपली श्रवणशक्ति क्षीण झाल्याचें व कानांत अखंड नाद घुमत राहत असल्याचें उघडपणें सांगितलें आहे, आणि त्यांतही कानास लावून ऐकण्याच्या हेडफोनांस त्यानें विशेष दोष दिला आहे. कानाची गेलेली शक्ति परत येत नाहीं. नातवानें मार्शलची उतरंड पाहिली असेल, तर हेंही पाहावें.

आतां थोडें गणित. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलांनीं वाढतो. कानास आवाज दुप्पट वाटण्यास सुमारें दसपट वॅट लागतात. म्हणून पांच वॅटांपेक्षां शंभर वॅटांचें यंत्र वीसपट मोठें वाजत नाहीं. तें साधारण अडीचपट मोठें वाजतें. उलट, गिटारीच्या चांगल्या कर्ण्यास एकच वॅट दिला तरी एक मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबल आवाज निघतो. आरोग्यशास्त्रज्ञांच्या एका सर्वमान्य मापाप्रमाणें ८५ डेसिबल आवाजांत दिवसाकाठीं आठ तास राहतां येतें. पुढें प्रत्येक ३ डेसिबलांस वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलांस अवघीं पंधरा मिनिटें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. वाड्यांत एक वॅटसुद्धां पुरून उरतो हें यावरून उघड होईल.

शिवाय जवारीचें तत्त्वही येथें शंभर वॅटांच्या विरुद्ध जातें. व्हॉल्व्ह खुलतो तो त्याच्या कुवतीच्या कांठावर. शंभर वॅटांचें यंत्र त्या कांठापर्यंत नेलें तर शेजारच्या वाड्यांतील भांडीं वाजतील. न नेलें तर ज्यासाठीं पैसे मोजले तो स्वरच मिळणार नाहीं. म्हणून घरासाठीं एक ते पांच वॅटांचें यंत्र उत्तम. पुढेंमागें गणेशोत्सवांत किंवा महाविद्यालयाच्या संमेलनांत वाजविण्याचा विचार असेल तर पंधरा वॅटांपर्यंत जावें. मात्र त्यास आवाज वेगळा कमी करण्याची मास्टर व्हॉल्यूमची खुंटी किंवा वॅट उतरविण्याची कळ असावी. सभेंत तेवढा आवाजही न पुरला, तर कर्ण्यासमोर मायक्रोफोन ठेवून सभागृहाच्या यंत्रावर तो नेतां येतो.

दुकानांत जातांना आपलीच गिटार न्यावी. प्रथम कांहीं न वाजवितां यंत्र नुसतें चालू ठेवून घरघर ऐकावी. मग घरीं जेवढ्या आवाजांत वाजविणार तेवढ्याच आवाजांत वाजवून पाहावें. मोठा आवाज दुकानांत सर्वच यंत्रांचा मोहक वाटतो. यंत्र २३० व्होल्टांचें आहे ना, हें पाठीवरील पट्टीवर वाचावें. अमेरिकेंतील मामानें प्रेमानें आणलेलें यंत्र १२० व्होल्टांचें असतें. योग्य ट्रान्सफॉर्मरवांचून तें आपल्या विजेस लावलें तर जळून जाईल. व्हॉल्व्ह कोणत्या जातीचे, ते विचारावें. आरंभीच्या वर्धनास बहुधा ईसीसी ८३ असतो. शेवटच्या वर्धनास लहान यंत्रांत ईएल ८४ किंवा ६ व्ही ६ व मोठ्यांत ईएल ३४ आढळतो. हे प्रचलित असल्यानें मिळतात. एके काळीं बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें रेडिओचे व्हॉल्व्ह होत. आज ते स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथून येतात. नित्य वाजविणारास शेवटचे व्हॉल्व्ह कांहीं वर्षांनीं बदलावे लागतात, आणि कांहीं यंत्रांत त्या वेळीं जाणत्याकडून ‘बायस’ जुळवून घ्यावा लागतो. हा खर्च किंमतींत आधींच धरावा. दुरुस्त करणारा माणूस नगरास, नाशकास किंवा पुण्यास कोठें आहे, हें विकत घेण्यापूर्वीं शोधावें.

आतां जें सांगतों तें घरांतील प्रत्येकानें वाचावें. या यंत्राच्या आंत तीनशें ते पांचशें व्होल्टांचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही आंतल्या कंडेन्सरांत तो कांहीं काळ टिकून राहूं शकतो. पाठीमागची फळी काढून हौसेनें आंत हात घालणें जिवावर बेतेल. तें काम जाणत्याचेंच. तीन खिळ्यांचा प्लग व खरें अर्थिंग असल्यावांचून यंत्र लावूं नये, कारण वाजविणाराचीं बोटें धातूच्या तारांवर असतात आणि तारा यंत्राशीं जोडलेल्या असतात. कर्णा जोडल्याशिवाय यंत्र चालू करूं नये. तसें केल्यानें आंतील मोठा ट्रान्सफॉर्मर जळतो. कर्ण्याचे ओहम यंत्रावर लिहिलेल्या ओहमांशीं जुळवावे. व्हॉल्व्ह फार तापतात. म्हणून वर कापड टाकूं नये, पाण्याचा तांब्या ठेवूं नये, आणि रांगत्या मुलास जवळ येऊं देऊं नये. विजेचा दाब जेथें फार वरखालीं होतो तेथें स्टॅबिलायझर लावावा.

ज्यानें नुकतीच गिटार हातीं धरली आहे, त्यास मात्र हें कांहींच नको. ट्रान्झिस्टरचें लहान यंत्र किंवा व्हॉल्व्हच्या आवाजाची नक्कल करणारें आजचें अंकीय यंत्र त्यास स्वस्तांत मिळतें, आणि तें बेतानें वाजविलें तर कोणाची झोंप मोडीत नाहीं. वर्ष-दोन वर्षें नियमित रियाज झाला, बोटाच्या हलक्याजड दाबांतील फरक कळूं लागला, म्हणजे व्हॉल्व्हचें यंत्र घेण्यांत अर्थ आहे. पत्रलेखकांचा नातू, त्यांच्याच लिहिण्याप्रमाणें, पांच वर्षें वाजवीत आहे. त्यानें पांच वॅटांचें यंत्र घ्यावें आणि आजोबांनीं तें घेऊं द्यावें, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. वाचलेल्या पैशांतून एखाद्या जाणत्या गुरूकडे शिकावयास जावें.

राहिला घरांतील शांततेचा प्रश्न. तो यंत्र येण्यापूर्वींच, सर्व मंडळींसमक्ष मिटवावा. संध्याकाळचे दोन तास नातवाचे. त्या वेळीं कोणीं कुरकुर करूं नये. दुपारची झोंप, परीक्षेचे दिवस, आजाऱ्याचें अंथरूण आणि रात्रीं नऊनंतरचा वेळ घराचा. त्या वेळीं नातवानें कळ दाबूं नये. यंत्र भिंतीस टेकवून न ठेवतां खुर्चीवर किंवा जाड सतरंजीवर ठेवावें व त्याचें तोंड वाजविणाराच्या कानाकडे करावें, म्हणजे आवाज आपोआप बेताचा राहतो. आणि आठवड्यांतून एकदां वडील माणसांनीं त्या खोलींत जाऊन अर्धा तास स्वस्थ बसून ऐकावें. आवडलेंच पाहिजे असें नाहीं. परंतु ज्याचें कोणी ऐकत नाहीं तो आवाज वाढवीत जातो, हा अनुभव शाळेच्या वर्गांत चाळीस वर्षें आलेला आहे.