रेल्वे इंजिनातला मीटर आणि तुमच्या दारातला स्मार्ट मीटर

तुमच्या रेल्वे तिकिटावरची बारीक अक्षरे कधी वाचली आहेत का? प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, असे तिथे छापलेले असते. उरलेली तूट बऱ्याच अंशी मालवाहतुकीच्या कमाईतून भरून निघते. त्यामुळे गाडी किती वीज खाते, हा स्वस्त तिकिटावर फिरणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न आहे. ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण आता जवळपास पूर्ण झाले आहे, म्हणून विजेच्या बिलाला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे.

वीज कुठे मोजली जाते?

बिलाचा मीटर असतो रेल्वेच्या उपकेंद्रात. तिथे एकूण आकडा कळतो. पण त्या पट्ट्यातून मालगाडी, एक्स्प्रेस, पॅसेंजर अशा सगळ्याच गाड्या गेलेल्या असतात. चाळीला एकच मीटर असावा आणि बिल सगळ्यांत वाटून घ्यावे, तसे हे आहे. कोणाचा पंखा रात्रंदिवस चालू होता, ते समजत नाही.

वॅप-7, वॅग-9 यांसारख्या थ्री-फेज इंजिनांत मात्र गाडीची स्वतःची नोंद मिळते: किती वीज घेतली आणि किती परत दिली. परत देणे म्हणजे काय? विजेवर ब्रेक लावला की मोटारच वीज तयार करते आणि ती वरच्या तारेत जाते. बोरघाट उतरणाऱ्या गाडीची वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते. फक्त हवेचा ब्रेक लावला, तर तीच शक्ती चाकांवर घासून उष्णतेत वाया जाते. पुढे थांबायचे असेल तर आधीच वीज बंद करून गाडी वेगावर वाहू देणारा लोको पायलट आणि शेवटपर्यंत जोर लावणारा, या दोघांच्या आकड्यांत फरक पडतो.

इथे एक सावधगिरी हवी. लाल सिग्नलला थांबून पुन्हा वेग घ्यायला वीज लागते, त्यात लोको पायलटचा दोष नसतो. सिग्नलची नोंद सोबत न ठेवता नुसता मीटर पाहून जाब विचारला, तर तो अन्याय होईल.

दुसरा फायदा खरेदीत आहे. 2015च्या अखेरीपासून रेल्वे काही राज्यांत थेट वीज घेऊ लागली. दाभोळच्या प्रकल्पातूनही ती घेतली गेली. अशा खरेदीचा हिशेब 15 मिनिटांच्या टप्प्यांत होतो, म्हणजे दिवसाला 96 टप्पे. मागणी आधी कळवावी लागते आणि ती चुकली तर भुर्दंड पडू शकतो. महिन्यातून एकदा रीडिंग घेऊन हे जमणारे नाही.

तुमच्या घरी काय बदलते?

2021 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत (आरडीएसएस) घरोघरी स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. नुसता मीटर बसवून वीज वाचत नाही. रेल्वेतही नाही, घरीही नाही. तो फक्त कधी किती वापर झाला ते दाखवतो. 2023च्या केंद्रीय नियमांनुसार, स्मार्ट मीटर बसल्यावर शेती वगळता इतर ग्राहकांना वेळेनुसार वेगळे दर लागू होऊ शकतात. उन्हाच्या वेळी दर कमी, जास्त मागणीच्या वेळी जास्त, अशी ही रचना आहे. प्रत्यक्ष दर तुमच्या राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून मोटर किंवा इस्त्री कधी लावायची हे ठरवण्याआधी बिलावरचे दर पाहा.

रीडिंग वापराशी जुळत नाही असे वाटले, तर वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करा. 2024च्या दुरुस्तीनुसार कंपनीने तक्रार मिळाल्यापासून 5 दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा असतो आणि किमान 3 महिने दोन्ही रीडिंग ताडून पाहायचे असतात. तक्रारीची पोच आणि त्यावरची तारीख जपून ठेवा. 5 दिवस तिथूनच मोजले जातात.