भुकेचे कौतुक पुरे, खेळाची कमाई द्या

सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा एक बातमी सगळीकडे फिरली. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, ही खो-खोपटू जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवून खेळली. आईचे शिवणकाम आणि आजी-आजोबांची कमाई यावर घर चालायचे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. त्याच वर्षी, घरच्या ओढाताणीला कंटाळून, खेळ सोडून द्यावा असेही तिच्या मनात आले होते.

आमच्या कनेरगाव नाक्यावरही लोक म्हणाले, "जिद्द असावी तर अशी!" मला मात्र राग आला. सारिकाचा नव्हे, त्या कौतुकाचा. वाढत्या वयाची मुलगी रोज मैदानावर जीव तोडून धावते आणि एकदाच जेवते, यात अभिमान वाटण्यासारखे काय आहे? घरात सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले खाणाऱ्या बाईला आपण 'अन्नपूर्णा' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. बाईची उपासमार झाली की तिचा त्याग होतो आणि व्यवस्था नामानिराळी राहते.

सारिकाला पुढे नोकरी मिळाली, ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, याचा आनंदच आहे. पण तिच्याबरोबर धावलेल्या, तितक्याच चपळ असलेल्या आणि मध्येच थांबलेल्या मुली किती असतील? त्यांची बातमी होत नाही.

मुलग्यांसाठी वाट तयार होते आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, ती पुरुषांची. २०१६ मध्ये बायकांच्या तीन संघांचे थोडे सामने झाले आणि विषय तिथेच राहिला. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो आली, तीही पुरुषांचीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवून तो जिंकला. म्हणजे देशासाठी पदक आणायला मुली चालतात, खेळून पोट भरायची वेळ आली की त्या आठवत नाहीत.

हे फक्त आपल्याकडचेच आहे असे नाही. जर्मनीच्या बायका आज फुटबॉलमध्ये जगात गाजतात. पण १९५५ साली तिथल्या फुटबॉल महासंघाने बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली होती. खेळताना बाईची नाजूकता जाते, शरीर-मनाला इजा होते, ही कारणे दिली होती. आपल्या आज्यांनी ऐकलेली तीच वाक्ये, फक्त भाषा जर्मन! तरी बायका खेळत राहिल्या. १९७० साली बंदी उठली, तीही सामना कमी वेळाचा ठेवण्यासारख्या अटी घालून. १९८९ मध्ये त्यांनी युरोपचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा बक्षीस म्हणून प्रत्येकीला मिळाला कपबशांचा संच. पुढच्याच वर्षी बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. त्या लीगमधून बिर्गिट प्रिन्ससारखी खेळाडू घडली. देशासाठी २१४ सामने, १२८ गोल, २००३ आणि २००७ चे विश्वचषक. नुसत्या जिद्दीने हे झाले नाही. नियमित सामने होते, संघ होते, म्हणून तिचे कौशल्य वाया गेले नाही.

आपल्याकडेही २०२३ मध्ये महिला क्रिकेटची लीग आली आणि सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. पैसा ओतला की मार्ग निघतो. प्रश्न इच्छेचा आहे.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची बस आहे. चांगली योजना आहे, पण बस शाळेच्या वेळेवर सुटते. सरावाला थांबलेली मुलगी घरी जाणार कशी? गावचे मैदान संध्याकाळी पोरांचे असते. घरी पाणी, भांडी, धाकटे भावंड वाट बघत असते. दहावी झाली की स्थळे सुरू. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी पदक हवे, पदकाला सराव हवा आणि सरावाला पोटभर जेवण हवे.

काही मैत्रिणी म्हणतील, हिंसाचार, मजुरी, रेशन हे प्रश्न असताना खेळाचे काय घेऊन बसलीस? मला वाटते, हा त्याच प्रश्नांचा भाग आहे. आपले शरीर, आपला वेळ आणि आपली कमाई यावर मुलीचा हक्क आहे की नाही, हेच मैदानावर ठरते. शिवाय हातात कमाई असलेल्या मुलीचे लग्न परस्पर ठरवणे अवघड जाते.

म्हणून येत्या ८ मार्चला रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धा बाजूला ठेवू या. ग्रामसभेत उभे राहून मागू या: मैदानावर मुलींची ठरलेली वेळ, सरावानंतर सुटणारी बस, खेळणाऱ्या मुलीला रोजचा सकस आहार. आणि महासंघांकडे मागू या मुलींची खो-खो आणि कबड्डी लीग, मुलांइतक्याच मानधनाची.

पुढच्या सारिकेने उपाशी धावू नये, एवढी साधी मागणी आहे.