दादाजींच्या तीन लोंब्या

विपत्तीतून वर आलेल्या माणसांच्या कथा वाचण्याची आवड पुष्कळांस असते. परंतु त्या परदेशच्या असल्या, किंवा निदान शंभर वर्षांपूर्वीच्या असल्या, म्हणजे अधिक गोड लागतात. आज आम्ही जी हकीकत वाचकांपुढे मांडीत आहो ती आपल्याच प्रांतातील, आपल्याच धंद्यातील आणि अगदी अलीकडची आहे. ती वाचून जितका संतोष वाटावा तितकीच लाजही वाटावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातील शहर ते हे नव्हे. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे हे गृहस्थ राहत असत. शिक्षण तिसरीपर्यंत, जन्म दलित घरातला, आणि शेती घरच्या पोटास जेमतेम पुरेल इतकी. १९८३ साली त्यांच्या बांधीत ‘पटेल-३’ हे धान उभे होते. त्यात तीन लोंब्या त्यांना इतरांहून वेगळ्या, पिवळसर दाण्याच्या दिसल्या.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून स्वतःस विचारावे की, आपण काय केले असते? आम्ही आमच्यापुरते उत्तर देतो. शेत बियाण्याचे असते तर त्या लोंब्या भेसळ म्हणून उपटून बांधावर फेकल्या असत्या. साधे असते तर बाकीच्या धानाबरोबर कापून खळ्यात नेल्या असत्या. दादाजींनी त्या निराळ्या काढून जपल्या व पुढल्या पावसाळ्यात लहानशा तुकड्यात वेगळ्या पेरल्या. धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एका लोंबीचा गुण तिच्या संततीत टिकण्याचा संभव पुष्कळ असतो. तथापि तो खरोखर टिकला की नाही हे एका हंगामात कळत नाही. दरसाल वेगळी रोवणी, वेगळी कापणी, वेगळी मळणी, आणि त्यातून पुन्हा निवड, असे काही वर्षे करावे लागते. पन्नास एकरांच्या धन्यास एक तुकडा प्रयोगाला देणे म्हणजे हौस; ज्याच्यापाशी एकरांचीच मोजदाद हाताच्या बोटांवर होते, त्याने तो देणे म्हणजे घरच्या पंगतीतले एक पान कमी मांडणे होय. सरकारी प्रयोगक्षेत्रावर हेच काम पगारी माणसे करतात, व पीक बुडाले तरी कोणी उपाशी राहत नाही.

दाणा बारीक, उतारा चांगला, भात खाण्यास रुचकर. १९९० च्या सुमारास गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने बियाणे नेऊन लावले, आणि त्याचे धान बाजारात गेले तेव्हा वाणाला नावच नव्हते. त्या काळी एच्.एम्.टी. घड्याळांची चलती असल्यामुळे तेच नाव त्याला चिकटले. त्या घड्याळांची कंपनी गुंडाळण्याचे सरकारने २०१६ साली ठरविले. धान मात्र तोवर महाराष्ट्राबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश आदी प्रांतांत पसरले होते. ज्याने ते निवडले त्याचे नाव पोत्यावर कोठेही नव्हते.

१९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडून ‘पीकेव्ही-एच्एम्टी’ हे वाण प्रसारित झाले. बियाणे आपल्याकडूनच नेलेले, असे दादाजींचे म्हणणे; आम्ही त्याचे शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे. शुद्धीकरणास श्रम पडतात हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शुद्ध करावयास मूळ वस्तू हवी, आणि ती कोणाच्या बांधीतून आली हे सांगण्यास श्रम पडत नाहीत.

मध्यंतरी मुलाच्या आजारपणात पदरची जमीन विकावी लागली. पुढील प्रयोग नातलगाने दिलेल्या दीड एकरावर चालले, आणि त्यातूनही नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके अशी वाणे निघाली. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव छापले. ३ जून २०१८ रोजी, पक्षाघाताने अंथरुणास खिळून, ते गरिबीतच वारले. मानपत्रांनी वैद्याचे बिल भागत नाही.

यात दैवाचा भाग होता, असे म्हणणारे आम्हांस भेटतात. लोंब्या उगवणे दैवाधीन असेल. त्या दिसणे नव्हे. आणि सरकार व विद्यापीठ यांना दोष देऊन आपण मोकळे होणार काय? एच्.एम्.टी. लावून ज्यांनी दोन पैसे अधिक मिळविले त्यांत आमचे किती वाचक असतील! बियाणे कोणाचे, हे आम्हांपैकी किती जणांनी विचारले? गरिबाच्या, त्यातून दलिताच्या शेतात काही पाहण्याजोगे असेल हे आमच्या मनासच शिवले नाही. तेच मोठ्या घरच्या बांधीत निघते तर वाणाला घराण्याचे नाव लागते.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक निवडीवर हक्क सांगू लागलो तर शेजाऱ्यास पायलीभर बियाणे देणेही बंद होईल. ही भीती अनाठायी आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखण्याची, पेरण्याची, अदलाबदल करण्याची व विकण्याची मुभा ठेवली आहे; फक्त संरक्षित वाण छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. त्याच कायद्याने शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाणाचीही नोंदणी होते. दादाजींचे वाण गावोगाव पसरून दहा वर्षे लोटल्यावर हा कायदा झाला. आमच्या वाचकांस ती सबब नाही.

वाण वेगळे, एकसारखे व स्थिर असल्याचा पुरावा नोंदणीस लागतो, आणि घोडे येथेच पेंड खाते. कारण आपण काहीच लिहून ठेवीत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, संघाने यंदाच्या कापणीपूर्वी एक वही घालावी. तारीख, बांधी, मूळ वाण, काय वेगळे दिसले, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या, एवढे त्यात पुरे. सभासद असो वा नसो, दीड एकरवाला असो वा कुळ असो, नोंद सर्वांची घ्यावी, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याच्यासाठी चिटणीसांनी स्वतः बांधावर जावे. लोंबी झोडू नये. दाण्यांसकट कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी ठेवावी.