अँटिबॉडीचं इंजेक्शन फ्रीजमध्ये चालतं, मग फ्रीजरमध्ये का नाही?

संधिवात, सोरायसिस आणि काही कॅन्सरवर आता अँटिबॉडीची इंजेक्शनं दिली जातात. औषध महागडं असतं आणि सोबत सूचना असते: २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, गोठवू नका, हलवू नका. कशासाठी एवढी काळजी?

नेमकं बिघडतं काय?

अँटिबॉडी म्हणजे घडी घातलेलं मोठं प्रथिन. उष्णतेने किंवा जोरात हलवल्याने ही घडी थोडी उलगडते. आतले पाण्यापासून लांब राहणारे भाग उघडे पडतात आणि रेणू एकमेकांना चिकटून पुंजके होतात. असं औषध कमी काम करतं. शिवाय शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवू शकतं.

बफर काय करतो?

बहुतेक अँटिबॉडी पीएच ५ ते ६.५ दरम्यान शांत राहतात. तिथे त्यांच्यावर सहसा धन भार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात. पीएच सरकला की हा भार बदलतो. बफर गरजेप्रमाणे हायड्रोजन आयन घेतो किंवा सोडतो आणि पीएच जागेवर ठेवतो. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल नेमकं पीएच ६ च्या आसपास हे काम करतं. कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबमध्ये तेच आहे, सोबत ट्रेहॅलोज ही साखर आणि पॉलिसॉर्बेट.

मग फ्रीजर का नको?

गोठताना पाण्याचा बर्फ होतो आणि प्रथिन, क्षार उरलेल्या थोड्या द्रवात दाटतात. सोडियम फॉस्फेटचा बफर असेल तर त्यातला एक क्षार आधीच स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि पीएच झपकन खाली येतो. बर्फाच्या पृष्ठभागावरही प्रथिनाची घडी मोडते. त्यामुळे गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं.

बफर आणि बाजार

संधिवातावरच्या अडालिमुमॅबमध्ये आधी सायट्रेट बफर होता. तो टोचताना झोंबायचा. नव्या रूपात सायट्रेट नाही, वेगळा बफरही नाही. दाट द्रावणात अँटिबॉडी स्वतःच पीएच सांभाळते.

अमेरिकेत या औषधाचं मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपलं, पण स्वस्त पर्याय बाजारात यायला २०२३ उजाडलं. कंपनीने शंभराहून जास्त पेटंट घेतली होती, त्यात औषधाच्या मिश्रणाचीही होती. भारतात मात्र झायडसने २०१४ मध्येच बायोसिमिलर आणलं होतं.

म्हणजे कुपीत अँटिबॉडीसोबत काय मिसळलंय, यावर औषधाचा टिकाऊपणा ठरतो, टोचतानाचा त्रास ठरतो आणि काही वेळा ते स्वस्तात कधी मिळणार हेही.