पाणी बंधाऱ्याचे की पावसाचे?

शासकीय योजना यशस्वी झाली की फसली, हे ठरवावे कसे, हा प्रश्न जलयुक्त शिवार अभियानाने ठळकपणे पुढे आणला आहे. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचा संकल्प घेऊन डिसेंबर २०१४ मध्ये हे अभियान सुरू झाले. पुढे गावोगावच्या विहिरींना पाणी चढल्याचे दाखले देण्यात आले. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मात्र ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चूनही भूजलपातळीवर अल्पच परिणाम झाल्याचा निष्कर्ष काढला. समर्थकांनी आणि टीकाकारांनी आपापल्या सोयीची पाने उघडली.

या वादात पावसाचा विसर पडतो. २०१४ व २०१५ ही अवर्षणाची वर्षे. २०१६ चे पर्जन्यमान समाधानकारक. २०१८ मध्ये पुन्हा १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०१५ च्या विहिरीची २०१६ च्या विहिरीशी तुलना केली, तर जिथे एक दगडही रचला गेला नाही तिथेही पाणी चढलेले दिसेल. २०१८ ची मोजणी घेतली, तर उत्तम बंधाराही निरुपयोगी ठरेल. शेजारच्या गावाशी तुलना करावी, तर निवड मुळात टंचाईग्रस्त गावांचीच झालेली. त्यात स्थानिक पुढाऱ्यांचे वजन पडले असल्यास तो घोळ निराळाच.

मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांच्या अनुदानयोजनेसाठी ५०६ गावे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने ३२० गावांना लाभ आधी मिळाला, १८६ गावांना नंतर. यात अन्याय झाला, असा आक्षेप घेता येईल. परंतु पैसा अपुरा असताना कोणाला तरी थांबावे लागतेच. आपल्याकडेही दरवर्षी पाच हजारच गावे घ्यावयाची होती. उरलेली थांबलीच होती. फक्त त्या थांबण्याचा अभ्यासासाठी उपयोग करून घेतला गेला नाही.

अर्थात पाणी म्हणजे अनुदान नव्हे. वरच्या गावाने अडविलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यातून गेलेले असू शकते. तेव्हा चिठ्ठी गावांची न टाकता पाणलोट क्षेत्रांची टाकावयास हवी.

२०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्याच्या मूल्यमापनासाठी नवे खाते उघडण्याचे कारण नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. काम न झालेल्या पाणलोटांचे आकडे आणि त्या त्या वर्षाचा पाऊस त्याच अहवालात, शेजारच्या रकान्यात छापले जावेत.